कुणाची गोळी बाधली

"पण बाबा, त्यातली कुणाची गोळी बाधली, एवढं तरी सांगा."

रतनगीर बाबा धुनीपाशी भिंतीला पाठ लावून बसले होते. ऊन चांगलं वर आलं होतं, तरी अंगावर घोंगडी होती.

"एकाची तरी असेलच ना," सोमगीर म्हणाला. "नाव कळलं की झालं. मी काही मारणार नाही त्याला. नुसतं सांगेन, परत मठाची पायरी चढू नकोस म्हणून."

बाबांनी चिमट्यानं एक निखारा जवळ ओढला.

"तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? पोटात तुमच्या गेली."

"हं..."

हे 'हं' सोमगीरच्या ओळखीचं होतं. त्यातून पुढं काही निघत नसे. विहिरीत पोहरा सोडावा आणि पाणी लागायच्या आत दोरच संपावा, तसं व्हायचं.

तो उठला आणि अंगण झाडायला लागला. अंगण झाडायचं काम त्याचं नव्हतं. ते चंपाबाईचं होतं. पण चंपाबाई बरेच दिवस आली नव्हती, आणि ती का आली नव्हती हे सोमगीरला पक्कं ठाऊक होतं. बाबांना त्यानं ते सांगितलं नव्हतं.

दुधना नदीच्या काठी, गाव संपून बाभळी सुरू होतात तिथं हा गोसाव्यांचा मठ. लहानसाच. एक धुनी, एक ओसरी, दोन खोल्या. मठाची एक रीत होती. धुनीपुढं आलेली वस्तू परत जायची नाही. कुणी भाकरी आणो, कुणी पेरू आणो, कुणी लेकराच्या हातातला अर्धा लाडू आणो, देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत बाबांनी त्यातलं थोडं तोंडात टाकायचं. तेवढं बघितलं की देणारा 'नमो नारायण' म्हणून उठायचा.

ही रीत बाबांच्या गुरूंपासूनची. पण तिला धार आली ती सोमगीर आल्यावर.

सोमगीर आधी बी.ए. झालेला, मग गोसावी झालेला. जे करायचं ते चोख करायचं, असा माणूस. बाबा एकदा शेताकडं गेले होते तेव्हा एक जण पेरू घेऊन आला. सोमगीरनं त्याला दिवस मावळेपर्यंत बसवून ठेवलं. तो बिचारा सारखा म्हणत होता, "बापू, म्हशीची धार काढायची राहिलीय." सोमगीर म्हणे, "म्हैस थांबेल, रीत थांबत नाही." बाबा आले, त्यांनी पेरूला दात लावला, तेव्हा कुठं त्याची सुटका झाली.

"माझ्या हातून आजवर एकाचंही दान वाया गेलं नाही," असं सोमगीर सांगायचा. सांगताना मान जरा वर जायची.

भादव्यात बाबांना ताप आला.

ताप आला की बाबा अन्न सोडत. नुसतं पाणी आणि सुंठेची चिमूट. त्यामुळं गावाची पंचाईत झाली. बाबांना बघायला तर जायचं, रिकाम्या हातानं कसं जायचं? आणि खायचं न्यावं तर ते खात नाहीत. मग कुणाच्या तरी मनात आलं, आणि तो तापाची गोळी घेऊन आला.

त्याचं बघून दुसरा आला. त्याची गोळी लाल कागदातली. तिसऱ्याची निळ्या. लिंबाजी पैलवानानं नातवाचं गोड औषध बाटलीसकट आणलं. कुणी सर्दीची पुडी आणली, कुणी अंगदुखीची. चंपाबाईनं पदराची गाठ सोडून एक चुरगळलेली पट्टी काढली. तिच्या स्वतःच्या आजारपणातली शिल्लक होती ती. वरची अक्षरं घासून गेली होती.

सोमगीरनं एकालाही परत पाठवलं नाही. ज्यानं आणलं त्याच्यासमोर बाबांचं डोकं उचलायचं, गोळी जिभेवर ठेवायची, पाणी पाजायचं.

"बघितलंस ना? घेतली."

देणारा समाधानानं उठायचा.

आणि ताप उतरला की. बाबा उठून बसले. घाम आला, डोळे निवळले. सोमगीर पारावर जाऊन सांगून आला, "गावाच्या मायेनं बाबा बरे झाले."

त्यानंतर बाबांना उलट्या सुरू झाल्या. पोटात उजवीकडं हात लावू देईनात. डोळे हळदीसारखे पिवळे झाले. मग ते काहीबाही बोलायला लागले. सोमगीरला त्यांनी आपल्या गुरूंच्या नावानं हाक मारली.

लिंबाजीनं जीप काढली.

जिल्ह्याच्या दवाखान्यात काझी मॅडम म्हणून डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं आणि सोमगीरला विचारलं, काय काय दिलं. सोमगीरनं पिशवी उलटी केली. रिकाम्या पट्ट्या, पुड्यांचे कागद, बाटली, सगळं त्यानं जपून ठेवलं होतं. दान होतं ना ते.

मॅडमनी एक एक कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला.

"हे सगळं एकच औषध आहे," त्या म्हणाल्या.

"एक कसं? रंग बघा ना. नावं बघा."

"वेष्टनं वेगळी. आत सगळ्यांत तेच, तापाचं."

"मग ह्यातली खराब कुठली?"

"एकही नाही."

"मग बाबांना..."

मॅडम घाईत होत्या, तरी थांबल्या. बाबांच्या हाताला सलाइन लावलेलं होतं. त्याच्याकडं बघत त्यांनी सांगितलं. पोटात गेलेलं औषध शेवटी लिव्हरपाशी जातं. लिव्हर त्याला बांधून लघवीच्या वाटेनं बाहेर घालवतं. रोजचंच काम आहे त्याचं. एक गोळी आली तर मोठ्या वाटेनं आरामात निघून जाते. थोडासा भाग आडवाटेनं जातो, आणि तिथं त्याचं विष होतं. पण तेवढं विष गुंडाळून टाकायला लिव्हरपाशी साठा असतो. माणसाला पत्ताही लागत नाही.

"पण मोठी वाट भरून गेली, की मागून येणारं सगळं आडवाटेला लागतं. विष वाढतं, साठा संपत जातो. बाबा उपाशी होते, म्हातारे आहेत. साठा आधीच कमी होता. तो संपला, की पुढचं विष लिव्हरलाच चावतं."

"एका गोळीनं एवढं, तर दोन गोळ्यांनी दुप्पट. इतकंच ना?"

"हद्दीच्या आत असं चालतं. हद्द ओलांडली की नाही. मग लिव्हर आपल्याच चालीनं चालतं, तुम्ही मागून कितीही ढकला. आणि गंमत म्हणजे, त्या वेळी माणसाला बरं वाटत असतं. ताप उतरलेला असतो ना."

"सलाइनमध्ये काय आहे?"

"साठा भरायचं औषध. बघू या."

बाबा वाचले. काझी मॅडम म्हणाल्या, म्हातारा चिवट आहे. हळूहळू डोळ्यांचा पिवळेपणा गेला, भूक लागायला लागली.

सोमगीरनं ऐकलं होतं सगळं. शब्द न् शब्द ध्यानात होता. पण गळ्याखाली उतरत नव्हतं. इतकी माणसं, इतकी माया, आणि त्यातून विष? कुठंतरी एक गोळी नासकी असणारच. ती सापडली की मग बाकीच्या सगळ्या चांगल्या, बाकीची माणसं चांगली, रीत चांगली... आणि रीत पाळणाराही.

बाबा दवाखान्यातच होते तेव्हा तो गावात धोतर घ्यायला आला होता. पारावर लोकांनी घेरलं. "बापू, कशानं झालं?"

त्याच्या तोंडून निघून गेलं, "चंपामावशीची गोळी जुनी होती. अक्षरंसुद्धा पुसलेली."

तेवढंच बोलला. पण गावाला तेवढं पुरतं.

बाबा मठात परत आले त्यानंतर एकदा चंपाबाई मुगाचं कढण घेऊन आली होती. सोमगीरनं तिला फाटकातच अडवलं. "आता काही आत जायचं नाही," तो म्हणाला. खरं तर त्यानं सगळ्यांनाच अडवलं होतं. दूध नाही, फळ नाही, काही नाही. पण दुसरी माणसं रागावून गेली. चंपाबाई रागावली नाही. तिनं कढणाच्या वाटीवरचा पदर सारखा केला आणि परत गेली. पुन्हा आलीच नाही.

आज लिंबाजीकडून कळलं होतं. तिच्या घरातून धूर निघत नाही. चूल पेटवतच नाही म्हणे. शेजारणीनं दिलेली भाकरी तशीच वाळून पडलीय. म्हणते, ह्या हातानं आता काही रांधायचं नाही.

म्हणून तर सोमगीर सकाळपासून विचारत होता, कुणाची गोळी, कुणाची गोळी. दुसऱ्या कुणाचं नाव निघालं असतं तर बरं झालं असतं.

"सोमगीर."

त्यानं झाडू ठेवला.

"आज सोमवार ना?"

"हो. मूठ आहे."

सोमवारी घराघरातून मूठभर ज्वारी मठात यायची. ती भांड्यात घ्यायची नसे. सोमगीरनं ओंजळ पुढं करायची, देणाऱ्यानं मूठ ओंजळीत सोडायची, मग वळून ओंजळ मागच्या कणगीत रिकामी करायची, परत पुढं करायची. माणसं एकामागून एक यायची. सोमगीर ओळ लावायचा.

"आज ओळ लावू नकोस," बाबा म्हणाले.

"गर्दी होईल, बाबा."

"होऊ दे. मी बरा होऊन आलोय. येऊ दे सगळ्यांना एकदम."

"पण..."

"तू तुझी ओंजळ धर."

सुरुवातीला दोघं-तिघं आले. एक मूठ आली, सोमगीर वळला, कणगीत टाकली, परत ओंजळ धरली. पुन्हा एक. त्याला सवय होती, हात आपोआप चालत होते.

मग गाव आलं.

मठ उघडा आहे, बाबा बसलेत, आज कुणी अडवत नाही म्हटल्यावर लोक थांबतात होय? बायका, म्हातारे, कडेवरची लेकरं, लिंबाजीसुद्धा. प्रत्येकाला आपली मूठ आधी द्यायची होती. सोमगीर वळायच्या आत दुसरी मूठ पडायची, तिच्यावर तिसरी. तो वळायचा तसतसे दाणे बोटांमधून निसटायचे. तो आणखी घाई करायला लागला. घाईनं काही फरक पडेना. कणगीत जायचे तेवढेच जायचे, उरलेले खाली.

"अहो, जरा थांबा."

"माझी एवढी घ्या बापू, लेकरू रडतंय."

"मावशी, थांबा ना..."

"एकच मूठ आहे रे बाबा, एका मुठीनं काय होतंय?"

शेवटची मूठ लिंबाजीची. पैलवानाचीच मूठ ती. ती पडली आणि ओंजळीची शीगच ढासळली. ज्वारी ओसरीभर सांडली, पायऱ्यांवरून घरंगळली. चिमण्या उतरल्या.

लोकांनी बाबांच्या पाया पडून घेतलं. बाबांनी कुणाच्या डोक्यावर हात ठेवला, कुणाच्या लेकराचा गाल ओढला. हळूहळू मठ रिकामा झाला. लिंबाजी तेवढा खांबाला टेकून उभा राहिला. आपल्या मुठीनं सांडलं म्हणून त्याला चोरट्यासारखं झालं होतं.

सोमगीर खाली बसून दाणे गोळा करायला लागला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "चिमण्या घेतील... मला एक सांग."

"काय?"

"हे सांडले ते दाणे कुणाचे?"

सोमगीरनं वर बघितलं. त्याला वाटलं हे सोपं आहे.

"लिंबाजीचे. त्याची मूठ पडली आणि सांडलं."

"आता बघा," लिंबाजी म्हणाला. "माझ्या आधीपासून सांडत होतं, बापू. मी आलो तेव्हा पायाखाली ज्वारीच होती."

"मग तुझ्या आधीच्याची."

"माझ्या आधी चांभाराची लक्ष्मी होती. तिची मूठ केवढी? चिमणीएवढी."

"मग तिच्या आधीची."

"तिच्या आधीची तर तुम्ही कणगीत टाकली. मी बघत होतो."

सोमगीरनं चिमूटभर दाणे उचलले आणि तळहातावर पसरले. त्यानं ते खरोखर निरखून बघितले. सगळे पांढरे, सगळे टपोरे. कोणत्या घरचा कोणता, काय कळणार?

"ह्यात किडका तरी आहे का एखादा?" बाबांनी विचारलं.

"नाही..."

"कुणी जास्त दिली?"

"नाही. ज्यानं त्यानं एकच मूठ दिली."

"मग सांडलं कसं?"

सोमगीरनं आपल्या हातांकडं बघितलं. बोटांच्या बेचक्यांत कोंडा अडकला होता.

त्याला काझी मॅडम आठवल्या, पांढऱ्या कोटातल्या. 'लिव्हर आपल्याच चालीनं चालतं, तुम्ही मागून कितीही ढकला.'

चिमण्या अगदी त्याच्या गुडघ्यापर्यंत आल्या.

"माझे हात लहान पडले," तो शेवटी म्हणाला.

"रोज पुरतात की."

"मग... मी थांबवायला पाहिजे होतं. माणसांना."

बाबांनी धुनीत एक काटकी सारली.

"गोळ्यांच्या वेळी पण. मधे मीच होतो ना. प्रत्येकाला स्वतःची एकच दिसत होती. सगळ्या मला एकट्याला दिसत होत्या."

"हं."

ह्या वेळी सोमगीरला ते 'हं' वेगळं ऐकू आलं.

"तुम्ही नको का म्हणाला नाहीत, बाबा? शुद्धीत होतात तुम्ही."

बाबांनी धुनीकडं बघितलं.

"पहिल्या गोळीला ताप होता," ते म्हणाले. "नंतरच्यांना... माणसं बघत होती. आपल्यासाठी एवढी माणसं येतात, हे गोड लागतं रे. गोड लागलेलं कोण थुंकतो?"

लिंबाजी हळूच म्हणाला, "माझं तर खरंच गोड होतं. नातवाचं."

बाबा हसले. सोमगीरलाही हसू आलं आणि तेवढ्यात डोळ्यांत पाणीही आलं. त्यानं ते उपरण्यानं पुसलं.

"चंपाबाईची मूठ आज आली नाही," बाबा म्हणाले.

सोमगीरचा हात थांबला.

"अंगण तू झाडतोस. मी बघतोय रोज. कोपरे राहतात तुझ्याकडून."

मग सोमगीरनं सांगितलं. पारावर काय बोलला, फाटकात काय बोलला, चूल कशी थंड आहे, सगळं. सांगताना तो बाबांकडं बघत नव्हता. लिंबाजीही खाली बघत होता. पारावर तोही होता, आणि 'असेल, असेल' म्हणाला होता.

बाबा रागावतील असं सोमगीरला वाटलं. रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

बाबांनी घोंगडी जरा वर ओढून घेतली. "आज अंगात कसकस आहे," एवढंच म्हणाले आणि डोळे मिटले.

सोमगीर उठला.

चंपाबाईचं घर गावाच्या खालच्या अंगाला. दार नुसतंच लोटलेलं होतं. आत ती भिंतीला टेकून बसली होती. चूल सारवलेली, कोरडी.

"मावशी."

"बापू? तुम्ही कशाला आलात? बाबांना काही...?"

"बाबा ठीक आहेत. थोडी कसकस आहे."

तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "खरं सांगा, बापू. माझीच ना?"

सोमगीर उंबऱ्यावरच बसला. त्याला वाटलं होतं, ज्वारीचं सांगावं. पण तिच्या तोंडाकडं बघून ते सांगता येईना.

"नाही," तो म्हणाला.

"तुम्हीच पारावर म्हणालात. जुनी होती म्हून."

"म्हणालो. भ्यालो होतो मी, मावशी. माझ्यावर येईल म्हणून तुझ्यावर टाकलं."

"तुमच्यावर कशाला येईल? तुम्ही तर नुसतं पाणी पाजलंत."

"तेच. सगळ्यांचं मी पाजलं. तू एक दिलीस. लिंबाजीनं एक बाटली दिली. ज्यानं त्यानं एक-एक दिली. एकेक म्हणून सगळी औषधंच होती. थांबा म्हणायचं काम माझं होतं."

चंपाबाईनं ते ऐकून घेतलं. पटलं की नाही, कळत नव्हतं.

"मी रातंदिन तेच बघते डोळ्यासमोर," ती म्हणाली. "पदराची गाठ सोडते, आणि गोळी काढते. आपल्याच हातानं काढते."

"माझ्याबरोबर चल."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना मी सांगेन. पारावर सांगितलं तसं, पारावरच सांगेन."

"आधी सांगा. मग येते."

सोमगीरला हसू आलं. म्हातारी अजून चंपामावशीच होती.

तो पारावर गेला. तिथं जे होते त्यांच्यापुढं उभा राहून त्यानं सांगितलं, की चंपाबाईच्या गोळीचं मी जे बोललो ते चुकीचं होतं, चूक माझ्या हातची होती. एक म्हातारा म्हणाला, "बरं, बरं." चंपाबाई गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ऐकत होती. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि त्याच्या पुढं चालायला लागली.

मठात येईपर्यंत बाबांचं अंग तापलं होतं. डोळे जड झाले होते.

चंपाबाई ओसरीखाली, पायरीवरच बसली. वर येईना.

"आत ये," बाबा म्हणाले.

"इथंच बरं आहे."

"सोमगीर, तापाचं काही आहे का रे?"

सोमगीरनं खोलीतून काझी मॅडमनी दिलेली पट्टी आणली. मॅडमनी नीट बजावलं होतं, अंग तापलं तर एक. दुसरी द्यावीशी वाटली तर आधी मला फोन. आता लिव्हर सावरलंय, एक गोळी सहज निभावेल, घाबरू नका.

तरी तो घाबरला होता. पट्टी फोडताना गोळी हातातून सुटता सुटता राहिली. त्यानं ती हातात धरली आणि तसाच उभा राहिला. बाबांच्या ओठांपर्यंत हात नेणं त्याला होईना.

मग तो पायऱ्या उतरला आणि गोळी चंपाबाईच्या तळहातावर ठेवली.

"तू दे."

तिनं हात झटकून मागं घेतला. गोळी पदरात पडली.

"मी नाही. हे हात नाहीत द्यायचे."

"मग मी कसा देऊ? माझेही तेच हात आहेत."

ती त्याच्याकडं बघत राहिली. त्यानं हात पाठीमागं बांधून घेतले होते. तिनं पदरातून गोळी शोधून काढली, उलटीपालटी करून बघितली.

"ही नवी आहे ना?"

"नवी आहे. डॉक्टरीणबाईंची."

चंपाबाई गुडघ्यांवर हात देऊन उठली. एक पायरी चढली, थांबली, दुसरी चढली. बाबांपाशी येऊन बसली. बाबांनी लहान लेकरासारखं तोंड उघडलं. तिनं गोळी जिभेवर ठेवली आणि तांब्या ओठांना लावला. घोट गळ्याखाली उतरताना तिचे डोळे बाबांच्या गळ्यावर होते. सोमगीरचेही.

धुनीत एक ढलपी तडकली.

चंपाबाईनं उलटा हात बाबांच्या कपाळावर ठेवला. अंग चांगलंच भाजत होतं. ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि हळूहळू तिचं तोंड पूर्वीसारखं झालं. कळवळ्याचं.

"एवढीशी तर गोळी," ती म्हणाली. "एवढ्या तापाला एवढ्यानं काय होतंय, बाबा? अजून अर्धी देऊ का?"

आणि आपण काय बोललो ते कळून तिनं तोंडावर हात धरला.

सोमगीर पुढं झाला, खाली बसला आणि पट्टी मुठीत झाकून घेतली. "आज एवढीच, मावशी," तो म्हणाला. अगदी हळू म्हणाला. फाटकात अडवणं वेगळं; मठात आल्यापासून धुनीपुढं आलेलं काही त्यानं पहिल्यांदाच नाकारलं होतं. तोडून बोलायची त्याची सवय त्या आवाजात नव्हती.

चंपाबाई खाली मान घालून बसली होती.

बाबांनी घोंगडीतून हात काढला आणि तिच्या हातावर ठेवला.

"उद्या ये, चंपाबाई," ते म्हणाले. "थोडा ताप तुझ्यासाठी ठेवतो."